‘ब्रेक फेल’च्या आधी काय घडते?

२० नोव्हेंबर २०२२, रविवारची रात्र. पुण्याला वळसा घालून जाणाऱ्या मुंबई-बंगळुरू महामार्गावर कात्रजचा नवा बोगदा संपला की रस्ता नवले पुलाकडे उतरू लागतो. त्या उतारावरून एक अवजड मालवाहू वाहन सुसाट आले आणि पुढच्या मोटारींना एकामागून एक ठोकरत गेले. डझनावारी गाड्यांचा चक्काचूर झाला, अनेक जण जखमी झाले. पहिली बातमी पसरली ती नेहमीचीच: ब्रेक फेल. मग पोलिसांच्या प्राथमिक तपासात वेगळेच पुढे आले. चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून दिली होती. हेतू एकच, डिझेल वाचवणे.

या पट्ट्यात असे अपघात आधीही झाले होते आणि नंतरही होत राहिले. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये तिथेच झालेल्या अपघातात वाहनांनी पेट घेतला, माणसे दगावली. दर वेळी ‘ब्रेक फेल’ हे दोन शब्द उच्चारले जातात आणि विषय संपतो. जणू ब्रेक हा धडधाकट असताना अचानक कोसळणारा भाग आहे. प्रत्यक्षात तो असा एकाएकी क्वचितच जातो. बहुतेक वेळा त्याआधीचे काही किलोमीटर, कधी काही महिने, त्याचे जाणे ठरत आलेले असते.

ब्रेक करतो काय, इथून सुरुवात करावी लागेल. तो गाडीचा वेग ‘खातो’ असे आपण समजतो, पण ऊर्जा नष्ट होत नाही. धावत्या गाडीतली ऊर्जा ब्रेक घर्षणाने उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता वाऱ्यावर सोडून देतो. सपाट रस्त्यावर हे काम सोपे असते. १,२०० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबवली की ब्रेकमध्ये जेमतेम १६७ किलोज्यूल उष्णता तयार होते. पुढचा सिग्नल येईपर्यंत ती उडूनही जाते.

घाटाचा हिशेब निराळा आहे. हीच मोटार लोणावळ्याच्या माथ्यावरून खाली खोपोलीच्या बाजूला आली की ढोबळ मानाने पाचशे मीटर उतरते. एवढ्या उंचीची ऊर्जा सुमारे ५,९०० किलोज्यूल भरते. म्हणजे ताशी साठच्या वेगातून गाडी पस्तीस वेळा थांबवण्याइतकी. सगळी उष्णता पाण्यात घातली तर अठरा लिटर पाण्याला उकळी फुटेल. त्यातली काही ऊर्जा हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण घेते. उरलेली कुठे जाणार हे मात्र चालकाच्या पायावर आणि हातावर अवलंबून असते. ती इंजिनाकडेही जाऊ शकते किंवा सगळीच्या सगळी चार चाकांतल्या मूठभर लोखंडात साठू शकते. चाळीस टन भरलेल्या ट्रकसाठी हा आकडा मोटारीच्या तेहतीस पट होतो.

तापलेल्या ब्रेकमध्ये दोन गोष्टी घडतात आणि दोन्ही निरनिराळ्या आहेत.

पहिली गोष्ट पॅड आणि लायनरची. डिस्क ब्रेकमध्ये पॅड फिरत्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटतात. ड्रम ब्रेकमध्ये लायनर लावलेले बूट ड्रमला आतून रेटतात. तापमान तीनशे-चारशे अंशांच्या घरात गेले की साध्या पॅडच्या मिश्रणातली चिकटवणारी रसायने जळू लागतात, त्यांचा वायू सुटतो आणि घर्षण घटते. पॅडल नेहमीसारखेच घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. चालक आणखी जोर लावतो, उष्णता आणखी वाढते, पकड आणखी सुटते. याला ब्रेक फेड म्हणतात. ड्रम ब्रेकमध्ये आणखी एक भर पडते: ड्रम तापून फुगतो, बुटापासून लांब जातो आणि तेवढ्याच दाबात बूट पूर्वीसारखा टेकत नाही. अवजड वाहनांत अजूनही ड्रम ब्रेक मोठ्या प्रमाणावर आहेत, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

दुसरी गोष्ट ब्रेक ऑइलची, आणि ती जास्त दगाबाज आहे. मोटारीत पायाचा दाब चाकांपर्यंत जातो तो द्रवातून, कारण द्रव दाबल्याने आकसत नाही. हे ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. आपल्याकडे सर्वत्र मिळणाऱ्या डॉट ३ प्रकाराचा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४चा २३० अंश असावा लागतो. पण साधारण पावणेचार टक्के पाणी मिसळले की हीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. कोकणातले चार महिने पावसात उभी राहणारी, पाच-सहा वर्षांत ऑइल न बदललेली गाडी घाटात उतरते तेव्हा चाकाजवळचे हे ऑइल उकळते. त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव आकसत नाही, वाफ मात्र आकसते. पाय पॅडलवर पडतो, पॅडल थेट फरशीला टेकते आणि चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही.

गंमत अशी, की अर्धा-पाऊण तास गेला की ऑइल थंड होते, वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पॅडल घट्ट लागू लागते. फेड झालेले पॅडही गार झाल्यावर बऱ्यापैकी सावरतात, फुगलेला ड्रम पूर्ववत होतो. अपघातानंतर दुसऱ्या दिवशी तपासणी होते तेव्हा अहवाल येतो: ब्रेक सुस्थितीत होते. चालक शपथेवर सांगतो: ब्रेक लागतच नव्हते. दोघेही खरे बोलत असू शकतात.

आता इंजिन बंद करून उतरण्याचा प्रश्न. पॅडलवर पाय ठेवला की मोटार थांबते त्याचे निम्मे श्रेय पायाला नसतेच. पॅडलमागे बूस्टर नावाचा डबा असतो. तो इंजिनच्या किंवा वेगळ्या पंपाच्या निर्वातावर चालतो आणि पायाचा जोर कित्येक पटींनी वाढवतो. इंजिन बंद झाले की साठलेल्या निर्वातावर दोन-तीन वेळा ब्रेक नीट लागतो. त्यानंतर पॅडल दगडासारखे कडक होते. पॉवर स्टिअरिंगही जड होते. चावी मागे पूर्ण फिरवून काढली तर स्टिअरिंग लॉक होण्याची भीती वेगळीच. ट्रकमध्ये ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. इंजिन बंद ठेवून ब्रेक मारत राहिले की टाकीतली हवा संपत जाते.

एवढे करून इंधन तरी वाचते का? आजच्या इंजेक्शनच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक इंधनाचा पुरवठा तोडतो. चाकेच इंजिनाला फिरवत राहतात आणि इंधन शून्य लागते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला इंधन द्यावेच लागते. म्हणजे घाटात गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारा थोडे इंधन जास्तच जाळतो आणि ब्रेकचा सगळ्यात मोठा मदतनीस गमावतो. कार्ब्युरेटरच्या काळात शिकलेली सवय बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून क्लीनरकडे चालत आली, इतकेच.

हा मदतनीस म्हणजे इंजिन ब्रेकिंग. खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे ओढते आणि उताराची बरीच ऊर्जा स्वतः पचवते. ती उष्णता सायलेन्सर आणि रेडिएटरमधून बाहेर पडते, ब्रेकला त्याची झळ लागत नाही. जुने ट्रकचालक सांगतात तो नियम आजही चोख आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. मोटारीसाठी साधारण दुसरा किंवा तिसरा. महत्त्वाचे म्हणजे गिअर उतार सुरू होण्याआधी बदलायचा. गाडी पळू लागल्यावर, विशेषतः जड वाहनात, खालचा गिअर पडत नाही आणि मधल्या न्यूट्रलमध्येच गाडी सुटते.

ऑटोमॅटिक गाड्यांचे मालक इथे हमखास चुकतात. गाडी ‘डी’मध्ये टाकली की सगळे तिने बघायचे, अशी समजूत असते. पण ‘डी’मध्ये अनेक गाड्या उतारावरही वरचा गिअर पकडून बसतात. अशा वेळी ‘एल’, ‘एस’, ‘२’ किंवा मॅन्युअल मोड वापरायचा. त्यासाठीच तो दिलेला असतो. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये इंजिनची ओढ मुळातच कमी असते आणि वेग फार उतरला की आतला क्लच सुटून ती ओढ संपते, म्हणून स्कूटरवर घाट उतरताना वेग आधीपासूनच कमी हवा आणि ब्रेकला विश्रांती द्यायला मधे थांबणेही शहाणपणाचे. विजेवरच्या मोटारीत मोटरच जनरेटर होऊन बॅटरी भरते, त्यामुळे घाट हा तिच्यासाठी फायद्याचा सौदा असतो. अपवाद एकच: माथ्यावरच्या हॉटेलात बॅटरी शंभर टक्के भरून लगेच उतरायला लागलात, तर वीज साठवायला जागा उरत नाही आणि ही ओढ खूपच कमी होते.

खालच्या गिअरमध्येही ब्रेक लागतोच. तो कसा मारायचा, याची एक पद्धत आहे. वळणाला आणि उताराला साजेसा वेग आधी ठरवायचा, समजा ताशी ४०. गाडी चाळिशीला आली की ब्रेक ठामपणे दाबून वेग तिशीवर आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. पुन्हा चाळीस झाले की पुन्हा तेच. मधल्या काही सेकंदांत पॅडला वारा लागतो. याउलट पॅडलवर पाय नुसता टेकवून सबंध घाट उतरणे ही ब्रेक भाजण्याची सर्वांत खात्रीची रीत. रबर जळल्यासारखा उग्र वास आला, चाकातून धूर दिसला किंवा पॅडल पूर्वीपेक्षा खाली जाऊ लागले, तर तो शेवटचा इशारा समजून मोकळी जागा बघून थांबायचे. तापलेल्या चाकावर बाटलीतले पाणी ओतण्याचा मोह मात्र टाळायचा. त्याने डिस्क वाकते किंवा तडकते.

रेल्वेने हा धडा फार आधी गिरवला. बोरघाटात आणि कसाऱ्याच्या थळघाटात रेल्वेमार्गाचा चढ ३७ला १ इतका तीव्र आहे. उतरणाऱ्या गाडीचा ताबा सुटलाच तर तिला मुख्य मार्गावरून बाजूला, चढत्या रुळांवर घेऊन थांबवता यावे म्हणून तिथे कॅच सायडिंग ठेवलेले आहेत. ब्रेक निकामी होऊ शकतो, हे गृहीत धरूनच ती व्यवस्था आखली गेली. रस्त्यावर हे गृहीत धरण्याचे काम ज्याचे त्याच्यावर असते.

घाट सोडून सपाटीवर आले की ब्रेकचा प्रश्न उष्णतेचा राहत नाही, अंतराचा होतो. समोर अचानक काही आले तर ते दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ५० किलोमीटर वेगात तेवढ्यात गाडी २१ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबायला आणखी १४ मीटर लागतात, म्हणजे एकूण ३५. वेग दुप्पट केला की प्रतिसादाचे अंतर दुप्पट होते, पण ब्रेकचे अंतर चौपट. ताशी १०० वेगात ही बेरीज ९८ मीटरवर जाते. रस्ता ओला असेल तर नुसते ब्रेकचे अंतरच शंभर मीटरच्या आसपास. द्रुतगती मार्गावर पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येईल इतक्या जवळून जाणाऱ्यांनी हे आकडे एकदा रस्त्यावर पावलांनी मोजून बघावेत. देशात २०२२मध्ये ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले. त्यातल्या सुमारे एकपंचमांश अपघातांत धडक मागून बसली होती. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणायचे. हे म्हणून होण्याआधी आपण त्या खांबाशी पोहोचलो, तर अंतर कमी आहे. पावसात हा आकडा पाच-सहापर्यंत न्यायचा.

जोरात ब्रेक मारायची वेळ आलीच तर काय करायचे, याबद्दल दोन पिढ्यांचे शिक्षण एकमेकांविरुद्ध जाते. जुन्या मोटारींत चाके लॉक होत आणि लॉक झालेले चाक नुसते घसरते, वळत नाही. म्हणून ब्रेक दाबा-सोडा-दाबा असे शिकवले जाई. १९७८मध्ये बॉशने मर्सिडीजच्या मोठ्या मोटारीसाठी इलेक्ट्रॉनिक एबीएस आणले. चाक लॉक होऊ लागताच ते ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा कमी-जास्त करते. भारतात एप्रिल २०१९पासून प्रत्येक नव्या मोटारीत ते सक्तीचे आहे. म्हणजे दाबा-सोडा हे काम आता यंत्र करते. चालकाने फक्त पूर्ण ताकदीने ब्रेक दाबायचा, दाबलेला ठेवायचा आणि मोकळ्या जागेकडे स्टिअरिंग वळवायचे.

पॅडल पायाखाली थरथरते आणि घरघर आवाज येतो, तेव्हा एबीएस काम करत असते. अनेक जण नेमके त्याच क्षणी दचकून पाय उचलतात. धोक्यात माणसे ब्रेक झटकन दाबतात, पण पुरेसा जोर लावत नाहीत, हे मर्सिडीजच्या अभियंत्यांना सिम्युलेटरवरच्या चाचण्यांत आढळले होते. त्यातूनच १९९६मध्ये उरलेला जोर आपणहून लावणारी ब्रेक असिस्ट यंत्रणा आली. एबीएस अंतर कमी करण्यासाठी नसून मुख्यतः गाडी वळती ठेवण्यासाठी आहे. सुट्या खडीवर तर थांबायचे अंतर थोडे वाढतेसुद्धा.

ड्रायव्हिंग स्कूलमधून आलेली आणखी एक सवय मोडायला हवी. गाडी बंद पडून परीक्षेत नापास होऊ नये म्हणून शिकाऊंना क्लच आणि ब्रेक एकदम दाबायला शिकवतात. क्लच दाबला की इंजिनची ओढ तुटते. वेगातून थांबताना आधी ब्रेक, आणि इंजिन गचके द्यायला लागेल तेव्हा शेवटी क्लच, हा खरा क्रम.

कधी कधी ब्रेक शाबूत असतो, पण पायाला सापडत नाही. ऑगस्ट २००९मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळ एका लेक्सस मोटारीचे ॲक्सिलरेटर पॅडल जाडजूड पायपुसण्याखाली अडकले आणि चार जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर टोयोटाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इलेक्ट्रॉनिक दोषाचा संशय होता म्हणून नासाच्या अभियंत्यांकडूनही तपासणी झाली. गाडी बेफाम पळावी असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. आपल्याकडे बाजारातून घेतलेले, नीट न बसणारे मॅट आणि सीटखालून गडगडत येणारी पाण्याची बाटली हीच कामगिरी करतात. ब्रेक पॅडलखाली बाटली अडकली की जगातले कुठलेच एबीएस उपयोगी पडत नाही. ॲक्सिलरेटर अडकलाच, तर ब्रेक एकदाच पूर्ण जोराने दाबून धरायचा आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची; घाटात वर्ज्य असलेला न्यूट्रल इथे मात्र उपयोगाचा. पुन्हा पुन्हा पंप करायचा नाही, कारण इंजिन पूर्ण ताकदीने फिरताना बूस्टरमध्ये नवा निर्वात भरत नाही.

ब्रेक बिघडण्याआधी बोलतोही बराच. दाबताना बारीक किरकिर येत असेल, तर पॅडला लावलेली पत्र्याची जीभ डिस्कला घासू लागली आहे: पॅड संपत आले. किरकिरीची खरखर झाली म्हणजे लोखंडावर लोखंड. पॅडल लिबलिबीत लागते तेव्हा नळीत हवा शिरलेली असते, ती गॅरेजमध्ये एअर काढून घालवावी लागते. पाय दाबून धरल्यावर पॅडल हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडर गळतोय. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते, तेव्हा बहुधा एका चाकाचा कॅलिपर अडकलेला असतो. स्टिअरिंग थरथरते, तेव्हा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. ब्रेक ऑइलची पातळी घसरत असेल तर नुसते वरून ओतून भागत नाही. एक तर पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे, गाडी कमी चालली असली तरी. पाणी गाडी उभी असतानाही शोषले जाते. अनेक गॅरेजमध्ये ते पाणी मोजणारा पेनाएवढा टेस्टर असतो, तो लावून दाखवा म्हणायला संकोच कशाला?

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी जाते आणि त्यानंतर ब्रेक अर्धवट लागतो. बाहेर आल्यावर मागे कोणी नाही हे बघून, सावकाश चालवत, हलका ब्रेक दाबून तो वाळवून घ्यायचा. आणि शेवटी गाडी थांबवतात टायर, ब्रेक नव्हे. प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग तळहातापेक्षा फार मोठा नसतो. त्यावरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरखाली गेली, तर कायद्यानेच तो टायर बाद आहे.

इतके सांभाळूनही पॅडल फरशीला टेकलेच तर? पहिली गोष्ट, इंजिन बंद करायचे नाही. पॅडल भराभर पंप करायचे. मोटारीत ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइनी असतात, एक गेली तरी दुसरीत दाब येऊ शकतो. तोवर एकेक गिअर खाली आणायचा, चौथ्यावरून एकदम पहिल्यावर नाही. मग हँडब्रेक, पण बटण दाबलेलेच ठेवून, थोडा थोडा ओढत. एकदम ओढला तर मागची चाके लॉक होऊन गाडी गरकन फिरते. बटणाचा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल, तर ते बटण धरून ठेवले की बहुतेक गाड्या नियंत्रित पद्धतीने थांबतात. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू. हे सगळे कमी पडले, तर डोंगराच्या बाजूची भिंत किंवा दुभाजकाचा कठडा तिरप्या कोनात घासत नेणे, हा समोरच्या ट्रकवर आदळण्यापेक्षा कितीतरी बरा सौदा. पत्रा जातो, माणसे वाचतात.

गाडी थांबल्यावर चाकामागे दगड लावायचा, सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून दूर उभे करायचे आणि मेकॅनिकला किंवा महामार्गाच्या मदत क्रमांकाला फोन करायचा. अर्ध्या तासाने कोणीतरी पॅडल दाबून बघेल आणि म्हणेल, ‘लागतोय की ब्रेक, चला, राहिलाच किती घाट!’ ऑइल थंड झाले आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यातले पाणी तिथेच आहे, आणि उरलेल्या उतारावर ते आधीइतक्याच कमी तापमानाला उकळेल.